नऊपैकी आठ

परीक्षेत नऊपैकी आठ गुण पडले तर कुणालाही आनंदच व्हावा. मला तरी इतके घसघशीत गुण फारसे कधी पडलेले नाहीत. पण या वर्षी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मला नऊपैकी आठ मिळाले, आणि त्या रात्री मी वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवायला गेले नाही. कारण ते गुण खोटे बोलण्याचे होते.

आमच्या प्रात्यक्षिकाला दोघी-दोघींच्या जोड्या असतात. एक प्रयोगकर्ती आणि दुसरी प्रयुक्त. प्रयुक्त म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती. मोठ्या प्रयोगशाळांतून या कामाला पांढरे उंदीर पाळलेले असतात म्हणे. आमच्या विभागाला ते परवडत नाहीत, म्हणून आम्ही आळीपाळीने एकमेकींचे उंदीर होतो. त्या दिवशी पाळी माझी होती. चाचणी होती इंग्लंडमधील हान्स आणि सिबिल आयझेंक या पति-पत्नींनी १९६४ साली प्रसिद्ध केलेली. प्रश्न ५७, आणि प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. त्यांतले २४ प्रश्न माणूस बहिर्मुख की अंतर्मुख हे पाहतात, २४ त्याची भावनिक अस्थिरता मोजतात. राहिले नऊ. ते कशासाठी, हे आम्हांला आधी सांगितलेले नव्हते. सांगून कसे चालेल? तेच तर चोर पकडण्याचे पिंजरे!

हे नऊ प्रश्न दिसायला अगदी साधे असतात. ज्या बारीकसारीक चुका जगातल्या प्रत्येकाच्या हातून होतात, त्या तुमच्या हातून होतात का, एवढेच ते विचारतात. कधी उशीर होणे, कधी चिडणे, कधी माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलून मोकळे होणे अशा धर्तीचे. ज्याने या सगळ्याला ‘छे, मी नाही त्यातला’ असे उत्तर दिले, तो एक तर संत असला पाहिजे किंवा रंगवून सांगत असला पाहिजे. संत संख्येने कमी, म्हणून दुसराच निष्कर्ष धरायचा. चार-पाचच्या पुढे गुण गेले की त्या उत्तरपत्रिकेकडे संशयाने पाहावे, असा संकेत आहे. (ते नऊ प्रश्न कोणकोणत्या क्रमांकांवर आहेत, हे मला आता तोंडपाठ आहे. पण पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी मी ते येथे लिहिणार नाही.)

माझ्या जोडीदारणीने भोके पाडलेली पुठ्ठ्याची चावी माझ्या उत्तरपत्रिकेवर ठेवली आणि मोजले. मग पुन्हा मोजले. मग ती काहीच बोलेना. मॅडम येऊन वाकून पाहून म्हणाल्या, “प्रयुक्ताने समाजाला आवडतील अशी उत्तरे दिलेली दिसतात.” मॅडमनी किती जपून शब्द वापरले होते हे आज कळते. मागच्या बाकावर मात्र त्याचे सरळ मराठीत भाषांतर झाले : लबाड! संध्याकाळपर्यंत वसतिगृहात माझे नाव ‘आठवी पास’ पडले. मुलींना ते विनोदी वाटत होते, आणि आहेही. पण माझ्या घरात आठवी पास झालेले माझ्याआधी कुणीच नव्हते, हे त्यांना कुठे ठाऊक?

रात्री पडल्या पडल्या मी स्वतःला विचारले, मी खरेच खोटे बोलले का? उत्तरे लिहिताना मनात काय होते ते आठवून पाहिले. तेव्हा लक्षात आले, की मी प्रश्नांना उत्तरे देतच नव्हते. मी फॉर्म भरत होते.

आमच्यासारख्यांच्या घरात कागद हा फार मोठा माणूस असतो. शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा फॉर्म, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज. कागदावर एक अक्षर वावगे गेले तर कुठे काय अडेल सांगता येत नाही, अशी धास्ती घेऊनच आम्ही वाढलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ याशिवाय दुसरा शब्द लिहिलेला दाखला मी अजून पाहिलेला नाही. वर्गातल्या ज्या मुलाने शाळेची घंटा विहिरीत टाकली, त्याच्याही दाखल्यावर ‘चांगली’च होते. मग छापील कागदावर कुणीतरी मला विचारते आहे, की बाई, तू चिडतेस का, उशिरा येतेस का, तर मी काय लिहिणार? वर्तणूक : चांगली.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. रागावूनच गेले होते, पण रडू आले. मॅडमनी समजूत घातली नाही. त्यांनी ग्रंथालयाच्या कपाटातली तीन जाडजूड पुस्तके माझ्या हातावर ठेवली आणि “दिवाळीनंतर सांग, तू कोण आहेस ते,” म्हणून मला घालवून दिले.

त्या पुस्तकांतून मला एक मजेदार जग सापडले. माणसाला छापील प्रश्न विचारून त्याचे मन ओळखायचे, ही कल्पना पहिल्या महायुद्धातली. कोणते सैनिक तोफांच्या भडिमारात मनाने कोलमडतील हे आधीच ओळखता यावे, म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी ११६ प्रश्नांची एक यादी तयार केली. ती नीट वापरात येण्यापूर्वीच १९१८ साली युद्ध संपले. त्या यादीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. विचारले की माणूस खरे सांगेल! वाचताना मला हसू आले. आमच्या गावचे तलाठी सुद्धा असे गृहीत धरत नाहीत.

मग १९२८ साली ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांचे मुलांच्या फसवेगिरीवरचे पुस्तक आले. त्यांनी सुमारे ११,००० शाळकरी मुले तपासली. त्यांची एक युक्ती मला फार आवडली. कागदावर लहान-मोठी वर्तुळे काढलेली. मुलाने ती पाहायची, डोळे मिटायचे आणि पेन्सिलीने प्रत्येक वर्तुळात खूण करायची. डोळे खरोखर मिटले असतील तर पुष्कळशा खुणा चुकतात, हे आधी मोजून ठेवलेले. ज्याच्या सगळ्या खुणा बरोबर, त्याने पापणी किलकिली केली! म्हणजे येथेही जास्त गुण पडणाराच पकडला जातो. मला जरा बरे वाटले. पण या दोघांना सर्वांत महत्त्वाचे जे आढळले ते वेगळेच. एका ठिकाणी फसवणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवीलच असे नाही. वर्गात नक्कल करणारा मुलगा खेळात अगदी सचोटीने वागतो, आणि उलटही होते. ‘लबाड मुलगा’ आणि ‘सरळ मुलगा’ अशा दोन जाती त्यांना काही सापडल्या नाहीत.

या संशोधकांच्या प्रश्नांचाच धागा पुढे मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ले यांनी उचलला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या त्या प्रचंड प्रश्नावलीत साडेपाचशे विधाने आहेत. तिच्यात खोटे पकडण्याचे एक नव्हे, चांगले तीन-चार सापळे. किती प्रश्न कोरे सोडले ते मोजायचे, हा पहिला. दुसरा ‘एल’ मापनीचा, १५ विधानांचा. तो माझ्यासारख्यांसाठी. तिसरा ‘एफ’ मापनीचा. तिच्यात सामान्य माणसांपैकी शेकडा दहासुद्धा ज्यांना होकार देणार नाहीत अशा चमत्कारिक गोष्टी आहेत. वेडाचे सोंग घेणारा, सैन्यातून सुटू पाहणारा किंवा न वाचताच खुणा ठोकणारा तिच्यात सापडतो. स्वतःला मुद्दाम वाईट दाखविणारीही माणसे असतात, हे मला तोपर्यंत सुचलेच नव्हते. आमच्याकडे तशी चैन कुणाला परवडत नाही.

पण मी खरी थबकले ती चौथ्या, ‘के’ मापनीपाशी. ती १९४६ साली पॉल मील आणि हॅथवे यांनी मांडली. तिची गोष्ट अशी. मनोरुग्णालयात दाखल असलेल्या काही रुग्णांचे निकाल अगदी निरोगी माणसासारखे येत. म्हणजे हे लोक काहीतरी झाकत होते, पण ‘एल’च्या सापळ्यात येत नव्हते. ‘मी कधीच चिडत नाही’ असे भाबडे खोटे ते बोलतच नव्हते. त्यांचे खोटे तलम होते. मग कोणत्या विधानांवर त्यांची उत्तरे इतरांहून निराळी पडतात हे शोधून ३० विधाने निवडली, आणि या मापनीवरचे गुण पाहून इतर काही मापन्यांचे गुण कमी-अधिक दुरुस्त करण्याची रीत बसविली.

आणि आता ऐका. ‘एल’वरचे गुण कमी शिकलेल्या, जुन्या वळणाच्या माणसांत जास्त आढळतात. ‘के’वरचे गुण शिकल्या-सवरलेल्या, सुस्थितीतल्या माणसांत जास्त आढळतात. हे मी म्हणत नाही, त्या चाचणीचे अर्थ लावणारी पुस्तकेच म्हणतात. ते वाक्य मी तीनदा वाचले. म्हणजे आपली बाजू सावरून घेतात दोघेही. फक्त एकाचे सावरणे ठिगळासारखे दिसते आणि दुसऱ्याचे रफूसारखे! वर आणखी गंमत अशी, की थोडाफार ‘के’ असणे हे मन खंबीर असल्याचे लक्षण धरतात. ‘एल’ जास्त असेल तर मात्र ‘भाबडा, हटवादी’ असा शेरा मिळतो.

याचा अर्थ हे शास्त्रज्ञ दुष्ट होते असे नाही. त्यांच्यात आपापसांत केवढा वाद झाला आहे! ॲलन एडवर्ड्स यांनी १९५३ साली दाखवून दिले, की एखादे विधान लोकांना जितके ‘शोभणारे’ वाटते तितके जास्त लोक ते स्वतःविषयी खरे म्हणून मान्य करतात. हा संबंध ०.८७ इतका जबरदस्त निघाला. मग त्यांनी सारख्याच शोभणाऱ्या दोन-दोन विधानांच्या जोड्या लावल्या आणि त्यांतले एक निवडा म्हणून सांगितले, म्हणजे गोड बोलायला वावच नको. डग्लस क्राउन आणि डेव्हिड मार्लो यांनी १९६० साली ३३ विधानांची नवी मापनी केली. तिच्यावर जास्त गुण मिळविणाऱ्या माणसांना त्यांनी एक अत्यंत कंटाळवाणे काम दिले. रिळे डब्यात भरायची, पुन्हा रिकामी करायची, पुन्हा भरायची. नंतर काम कसे वाटले विचारल्यावर हेच लोक इतरांपेक्षा जास्त चांगले बोलले. क्राउन आणि मार्लो म्हणाले, यांना लबाड म्हणू नका. यांना चार लोकांनी बरे म्हणावे याची भूक आहे.

भूक! तो शब्द वाचून मला मॅडमसमोर आले नव्हते एवढे रडू आले. मला ती रिळे दिली असती तर मीही “फार छान वाटले, सर” म्हणाले असते. आणि आणखी रिळे आहेत का म्हणून विचारले असते.

दिवाळीला घरी गेले. माझे वडील, म्हणजे तात्या, गलाईवाले. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा धंदा. पाऊस नाही म्हणून आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. तात्यांचे स्वतःचे दुकान नाही. दक्षिणेत दुसऱ्याच्या दुकानात ते बरीच वर्षे कामाला होते, आता घरीच असतात. मी विचारले, “तात्या, सोनं खोटं हाय हे कसं वळखायचं?”

“कसोटीवर घासायचं. रेघ उठती. तिच्यावर तेजाब लावायचं. ऱ्हायली तर सोनं, उडाली तर पितळ.”

“आणि वरनं मुलामा असला तर?”

“मग वरच्या रेघंवर जायाचं न्हाई. वरची रेघ चांगलीच उठती. कानस मारून जरा आत जायाचं आन मग रेघ घ्यायची.”

“कानस मारल्यावर गिऱ्हाईक चिडत न्हाई?”

“चिडतंय की. ज्याचं खरं असतंय ते जास्त चिडतंय.”

मी मनात म्हटले, मॅडमनी ही चौथीही ओळ वाचायला द्यायला हवी होती.

खरी चाचणी बाहेर न्यायची नसते, म्हणून त्या धर्तीवर दहा प्रश्न मी माझ्या मनाने रचले आणि चुलीपाशी बसून दोघांना विचारले. आईला दहापैकी एक मिळाला. कधी खोटे बोलतेस का म्हटल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “रोज. हप्तेवाला आला की तुझा बाप शेतात असतो, आन शेतात हप्तेवाला गाठंल म्हटलं की घरात असतो.” तात्यांना दहापैकी नऊ. खोटे? छे, आपण कधी बोललो नाही. आई मागे न पाहताच म्हणाली, “आन तिकडनं फोनवर रोज ‘जेवलो’ म्हणून सांगत व्हता ते?” तात्या खरोखरच चकित झाले. “ते काय खोटं असतंय व्हय?”

पुस्तकात जे तीन पानांत समजले नव्हते ते मला तिथे समजले. ‘खोटे’ या शब्दाखाली तात्यांच्या डोक्यात जे आहे ते पितळ सोने म्हणून विकणे. तसे त्यांनी कधी केलेले नाही, आणि त्यांचे ‘नाही’ हे त्यांच्यापुरते शंभर टक्के खरे आहे. कागदाला मात्र ते ‘नाही’ म्हणजे एक गुण. पुढे वाचले, की आयझेंकनाही ही अडचण जाणवलेली होती. वय वाढते तसे या मापनीवरचे गुण वाढतात. आणि जिथे रंगवून सांगण्यात काहीच फायदा नसतो, तिथे ती खोटेपणापेक्षा माणसाचे परंपरेला धरून चालणे मोजते, असे त्यांनीच मान्य केले. डेल्‌रॉय पॉलहस या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : दुसऱ्यापुढे चांगले दिसण्याचा खटाटोप आणि स्वतःलाच मनापासून पटलेली स्वतःची चांगली प्रतिमा. १९९६ साली तर तीन संशोधकांनी आधीचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून दाखविले, की ‘हा गोड बोलतो’ म्हणून निकालात दुरुस्ती केल्याने नोकरीत कोण चांगले काम करील याचा अंदाज काही सुधारत नाही.

सुट्टीनंतर मॅडमनी मला पुन्हा चाचणी सोडवायला सांगितले. मी नकार दिला. ‘नाही’ म्हणायचा माझ्या आयुष्यातला बहुधा पहिलाच प्रसंग. “मॅडम, आता ते नऊ प्रश्न मला दिसतात. आता शून्य आला तरी तो माझा नव्हे, पुस्तकांचा,” असे म्हणाले. त्या हसल्या. कोण आहेस ते सांग, हे मात्र त्यांनी पुन्हा विचारले नाही.

राहिले जर्नल. आमच्या जर्नलात शेवटी ‘प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण’ असा एक भाग असतो. तो प्रयुक्ताने स्वतःच्या हाताने लिहायचा. जुनी जर्नले चाळली तर त्यात सगळीकडे एकच मजकूर सापडतो : ‘सूचना समजल्या. प्रयोग आवडला. सर्व उत्तरे प्रामाणिकपणे दिली.’ पिढीजात चालत आलेला हा मजकूर सगळे उतरवून काढतात. सादर करण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघी एका दिव्याखाली बसलो होतो. माझ्या जोडीदारणीने माझे गुण अजून पेन्सिलीनेच लिहिलेले होते. ती म्हणाली, “ए, आठाचा तीन करू का? बाहेरचे परीक्षक जर्नल बघणार. कुणाला कळतंय?”

मनातून मोह झाला, हे लिहिलेच पाहिजे. मी गप्प बसलेली पाहून ती आणखी हळू आवाजात म्हणाली, “अगं, माझे दोन तरी कुठे खरे आहेत?” तिचे आई-वडील दोघेही शिक्षक. तिचा भाऊ लष्करी अधिकाऱ्यांच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला जाऊन आलेला. तिथे एकेक शब्द दाखवून पंधरा-पंधरा सेकंदांत वाक्य लिहायला लावतात, असे साठ शब्द. त्याच्या तयारीत भावाला शिकवलेले तिने ऐकलेले होते, की सगळेच गोड लिहिले तर संशय येतो, मधूनमधून एखादा बारीक दोष कबूल करावा. “तसे प्रश्न दिसले की मी आलटून-पालटून कबूल करत गेले. खरं तर मी कधीच उशिरा येत नाही, तुला माहीत आहे.”

मला माहीत होते. ती प्रत्येक तासाला पाच मिनिटे आधी येते.

आम्ही कितीतरी वेळ हसत बसलो. शेवटी पलीकडच्या खोलीतून दार वाजवले गेले. मग तिने पेन्सिलीचा आठ शाईने गिरवला, आणि माझ्या जर्नलात मी तिचा दोन गिरवला. अंतर्निरीक्षणाच्या चार ओळी मी तिच्या जर्नलात लिहिल्या : ‘सूचना समजल्या होत्या. उत्तरे देताना हा अर्ज आहे असे वाटत होते. कुणी वाचून नापसंत करील अशी भीती वाटली. प्रयोग त्या दिवशी आवडला नाही.’ तिने ते वाचले, माझ्या जर्नलातले आपले रिकामे पान समोर ओढले आणि पेनाचे टोपण दातात धरून बराच वेळ बसून राहिली. मी झोपले तेव्हा तिच्या बाजूचा दिवा चालूच होता.